ऑनिंग आधीच ताणून ठेवलेलं असेल तर सावध व्हा

सेकंडहँड पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढून न्यायचा, मुक्कामी छत वर उचलून उघडायचा घडीचा ट्रेलर) घ्यायच्या विचारात असलेल्या, विशेषतः न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियाकडच्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. आम्हाला ज्याने टोपी घातली, त्याची सगळी करामत ऑनिंगमध्ये, म्हणजे कॅम्परच्या बाजूला सावलीसाठी ताणतात त्या कापडी छपरात होती.

आधी ऑनिंग कशाच्या जिवावर उभं असतं ते सांगते, म्हणजे गंडवलं कुठे ते लक्षात येईल. पॉप-अपला बहुधा पिशवीतलं ऑनिंग असतं. छताच्या कडेला ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी, म्हणजे रेल, स्क्रूने बसवलेली असते. कापडाच्या एका काठात दोरी शिवलेली असते, ती त्या खाचेत सरकवलेली. गुंडाळलेलं कापड, दांडे, सगळं तिथेच लटकणाऱ्या लांबट पिशवीत. उघडायचं म्हणजे चेन ओढून कापड सोडायचं, बाजूचे दांडे ताणून बसवायचे, पुढचे दोन खांब उभे करायचे आणि दोऱ्या खुंट्यांना बांधायच्या. वारा सुटला की कापडाचं शीड होतं आणि सगळा हिसका रेलच्या स्क्रूंवर जातो. ते स्क्रू छताच्या कडेच्या लाकडात असतात. लाकूड कुजलेलं असेल तर खेळ खलास.

विकणारे गृहस्थ सभ्य, बोलायला गोड. छत गळत नाही, ऑनिंग नवीन आहे, असं जाहिरातीतही होतं आणि मेसेजमध्येही. आम्ही पोहोचलो तर मागच्या अंगणात कॅम्पर उघडून, ऑनिंग ताणून तयार. खाली हिरवी चटई, दोन खुर्च्या. आत दालचिनीच्या वासाची मेणबत्ती जळत होती. जुलैच्या दुपारी मेणबत्ती! कुबट वास दडवायला दुसरं काय? एका बाजूला गॅरेजची भिंत, दुसरीकडे उंच कुंपण, त्यामुळे वाऱ्याची झुळूक नाही. खांब जमिनीवर टेकवलेले आणि दोऱ्या चक्क ढिल्या. रेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी चिकटपट्टी मारलेली. “पाणी आत जाऊ नये म्हणून जादाची काळजी,” म्हणाले. नवऱ्याने विचारलं, “एकदा मिटवून परत उभारून दाखवता का?” तर म्हणे, कंबर धरली आहे, न्यायला याल तेव्हा नीट बांधून तयार ठेवतो. कनेक्टिकटहून दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, हे ओघाने आलंच.

न्यायला गेलो तेव्हा खरंच सगळं पिशवीत बंद होतं. पैसे रोख हवे होते. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: ‘ॲज इज’. म्हणजे आहे तसा घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही.

पहिलाच मुक्काम ॲसाटीगला. मेरीलँडच्या किनाऱ्यावरचं हे बेट रानघोड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे मुक्काम करायचा तो अटलांटिकचा वारा अंगावर घेत आणि वाळूत. वाळूत नेहमीच्या बारक्या खुंट्या धरत नाहीत, लांब लागतात. नॅशनल पार्कवालेही तेच सांगतात. आम्ही तशाच नेल्या होत्या. प्रत्येक खांबाला दोन दोऱ्या, पंचेचाळीस अंशांत, घट्ट ताणून. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून एक कोपरा खाली घेतलेला. (एका चौरस मीटरवर नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी दहा किलो वजन होतं, आणि आमचं कापड सात चौरस मीटरच्या वर.) संध्याकाळी वारा वाढायला लागला तसं आवरून घ्यावं म्हणून उठलो, तेवढ्यात कडकन आवाज झाला. खुंट्या जागेवर, खांब जागेवर, कापड धडधाकट. रेल मात्र अर्ध्याहून जास्त छतापासून सुटून लोंबत होती.

शेजारच्या साइटवरचे एक निवृत्त आजोबा टॉर्च घेऊन आले. खाली पडलेला एक स्क्रू उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. आट्यांना लाकडाचा कणही नव्हता. सिलिकॉनचा पांढरा थर होता आणि त्यात रुतलेला टूथपिकचा तुकडा. भोकं सैल झाली म्हणून टूथपिक कोंबून वर सिलिकॉन भरलेलं, आणि ते दिसू नये म्हणून ती ‘जादाची काळजी’. आजोबांनी छताच्या कडेवर अंगठा दाबला तर तो आत गेला. ओला भुसा नखाला चिकटून आला. “हे काही या वर्षीचं नाही,” एवढंच म्हणाले.

म्हणजे कापड नवीन होतं ते खरंच. कुजक्या छतावर कोरं कापड ताणलं की गिऱ्हाईक कापडाकडे बघतं. दोऱ्या ढिल्या होत्या त्याही आळसाने नाही. ताणल्या असत्या तर अंगणातच रेल उखडली असती.

तेव्हा कॅम्पर बघायला जाणार असाल तर ऑनिंग पिशवीत बंदच ठेवा, आमच्यासमोर उघडा, असं आधीच कळवा. उभारल्यावर दोऱ्या स्वतः ताणा आणि त्या वेळी एकाने रेलकडे बघत राहा. ती तसूभर जरी उचलली तरी परत फिरा. छताची कड बोटांनी दाबत दाबत पूर्ण लांबी चाला. ओल मोजायचं साधं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते बरोबर न्या. रेलवर चिकटपट्टी दिसली तर ती काढून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर उत्तर मिळालंच.

फोन केल्यावर गृहस्थांना आधी आश्चर्य वाटलं, मग त्यांनी ‘ॲज इज’चा दाखला दिला, मग नंबर ब्लॉक. ‘ॲज इज’ लिहिलं की विकणारा गॅरंटीतून सुटतो. पण माहीत असलेला दोष दडवून धडधडीत खोटं सांगितलं असेल तर ते झाकायला ती ओळ पुरत नाही. त्याला दोष माहीत होता हे दाखवणं अवघड. आमच्याकडे ‘छत गळत नाही’चे मेसेज होते, तो स्क्रू होता आणि दुरुस्तीवाल्याने लेखी दिलेलं मत होतं. न्यू जर्सीत पाच हजार डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात चालतात, वकील लागत नाही, दावा विकणाऱ्याच्या काउंटीत लावायचा. रोख दिल्यामुळे किती दिले यावरही त्याने वाद घातला. बिलावर आकडा होता म्हणून निभावलं. मध्यस्थासमोर बसून शेवटी दुरुस्तीचा जेमतेम निम्मा खर्च त्याने दिला. तेवढ्यावर आम्ही मिटवलं, कारण निकाल आपल्या बाजूने लागला तरी वसुलीसाठी आपल्यालाच धावावं लागतं.