लुआंटी: सोलापूरच्या शाळेतल्या लॅबला परवडणारं आभासी जग

आधी निकाल सांगून टाकू. वीसेक जुने कॉम्प्युटर, एक नेटवर्क स्विच आणि भरवसा नसलेलं इंटरनेट, एवढ्या भांडवलावर पाचवी ते नववीचा वर्ग एकाच आभासी जगात उतरवायचा असेल, तर लुआंटी हे सॉफ्टवेअर घ्या. पैसे लागत नाहीत, डोक्याला हेडसेट लागत नाही, आणि जग शाळेच्याच हार्ड डिस्कवर राहतं. जोडणीला मात्र अर्धा दिवस मोडतो. मराठीच्या पेपरात ते नापास आहे, त्याबद्दल पुढे.

ठोकळ्यांचं जग म्हटलं की मुलं 'माइनक्राफ्ट' म्हणतात. लुआंटी त्याच धाटणीचं, पण वेगळं आणि मुक्त सॉफ्टवेअर. फिनलंडच्या पेर्टु अहोला यांनी २०१० मध्ये ते 'माइनटेस्ट' या नावाने सुरू केलं, २०२४ च्या ऑक्टोबरात नाव बदललं. सेटिंगच्या फाइलचं नाव अजून जुनंच आहे, त्यामुळे फोल्डरमध्ये 'माइनटेस्ट' दिसलं तर चुकीचं काही उतरवलं असं समजू नका.

जग स्वतःच्या डिस्कवर असण्याला किंमत का द्यायची? मायक्रोसॉफ्टचं आल्टस्पेस हे आभासी जग १० मार्च २०२३ ला बंद झालं, मोझिलाने हब्ज या तशाच जगाची सेवा ३१ मे २०२४ ला थांबवली. दोन्हीकडे शिक्षकांनी वर्ग उभारले होते. कंपनीच्या सर्व्हरवरचं जग कंपनी ठरवेल तोवरच.

माइनक्राफ्ट एज्युकेशन जास्त नीटनेटकं आहे, हे मान्यच. तयार धडे, मूलद्रव्यांपासून संयुगं बनवायची रसायनशाळा, कोडिंगची खिडकी, सगळं आयतं. पण प्रत्येक मुलाला शाळेचं मायक्रोसॉफ्ट खातं हवं आणि वर्षाचा परवाना हवा. ज्या शाळेकडे हे आधीच आहे तिने लुआंटीच्या खटपटीत पडू नये.

आता जोडणी. विंडोजसाठीची झिप फाइल उतरवून उलगडली की काम झालं असं वाटतं, आणि इथेच पहिली ठेच लागते. आत नुसतं इंजिन असतं, खेळ नसतो. कंटेंटच्या टॅबमधून 'माइनटेस्ट गेम' आणि त्यासोबत 'एरियाज' व 'वर्ल्डएडिट' हे दोन मॉड (खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वेगळे उतरवावे लागतात, त्याला इंटरनेट लागतं. म्हणून हे एकाच मशीनवर करा आणि तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हने बाकीच्या मशीनवर टाका. सगळीकडे आवृत्ती एकच राहते हा वरचा फायदा.

जुन्या मशीनवर प्रोग्रॅम उघडताच बंद पडला, तर नव्वद टक्के दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा समजा. विंडोजने स्वतःहून बसवलेल्या साध्या ड्रायव्हरवर ओपनजीएल (त्रिमितीय चित्र काढणारी यंत्रणा) पुरेसं चालत नाही, चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागतो. चालू झाला पण अडखळतोय? मग व्ह्यूइंग रेंज (किती ठोकळे लांबवर दिसावं) ६० ते ८० वर आणा.

बाईंच्या किंवा सरांच्या मशीनवर 'होस्ट सर्व्हर'वर टिक करा. त्याच्याच आसपास 'अनाउन्स सर्व्हर' नावाची टिक असते, तिला हात लावू नका, नाहीतर तुमच्या वर्गाचं नाव जगभरच्या यादीत झळकेल. मुलांनी होस्टचा आयपी पत्ता आणि पोर्ट ३०००० टाकून आत यायचं. कुणालाच येता येत नसेल तर विंडोज फायरवॉल बघा: नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असतं, ते 'प्रायव्हेट' करून लुआंटीला परवानगी द्यायची. काल चाललं आणि आज नाही, असं झालं तर राउटरने होस्टला नवा आयपी दिलेला असतो. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून टाका.

जग तयार करण्याआधी सेटिंग्जमध्ये 'शो ॲडव्हान्स्ड' चालू करून पाच गोष्टी बदलायच्या. मॅक्झिमम यूजर्स मुळात १५ असतं, म्हणजे सोळावं मूल दाराबाहेर. ते ४० करा. रिकामा पासवर्ड बंद करा. रोलबॅक रेकॉर्डिंग (कुणी काय बदललं याची नोंद) चालू करा, कारण नासधूस झाल्यावर ते चालू करून आधीची मोडतोड उलटवता येत नाही. टाइम स्पीड मुळात ७२ असतो, त्यामुळे तिथला दिवस २० मिनिटांत संपतो आणि तासाच्या मधेच अंधार पडतो. तो शून्य करा. पाचवी मॅप जनरेशनची मर्यादा, ५०० पुरे. ही मर्यादा जग जन्मताना त्याच्यात नोंदली जाते, मागाहून बदलून उपयोग नाही. ती नसेल तर तीस मुलं तीस दिशांना धावतात, प्रत्येकासाठी नवी जमीन घडवता घडवता होस्टचा दम निघतो. जमीन 'फ्लॅट' निवडली तर ओझं आणखी कमी. क्रिएटिव्ह (हवे तेवढे ठोकळे) चालू, डॅमेज (खेळाडूला इजा) बंद.

खेळाडूचं नाव देवनागरीत चालत नाही, फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि दोन प्रकारच्या रेघा, तेही २० अक्षरांपर्यंत. इयत्ता-तुकडी-हजेरी क्रमांक हेच नाव ठेवा. चॅटमध्ये कोण काय बोललं ते लगेच कळतं. बडबड फार झाली तर त्या नावाचा 'शाउट' अधिकार काढून घ्या; तोडफोड करणाऱ्याचा 'इंटरॅक्ट' काढला की तो फिरू शकतो, ठोकळ्याला हात लावू शकत नाही. पण सगळ्या वर्गाला एकदम थांबवायचं बटण मुळात दिलेलंच नाही. ही उणीव वर्गात बोचते. एरियाज मॉडने प्रत्येक गटाला आखीव तुकडा नावावर करून द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

शिकवायला काय? सोलापूरकरांच्या हाताशी दोन विषय आयते आहेत.

एक, चादर. माइनटेस्ट गेममध्ये लोकरीचे ठोकळे १५ रंगांत मिळतात. आलेखाच्या कागदावर १६ × १६ चौकटींत एक नक्षी काढायची, मग तीच जमिनीवर २५६ ठोकळ्यांत उतरवायची. हाताने एकदाच. पुढची वर्ल्डएडिटने: नक्षीचे दोन विरुद्ध कोपरे नोंदवायचे आणि 'स्टॅक'ची आज्ञा क्ष-अक्षावर ३ वेळा द्यायची. एका नक्षीच्या चार होतात. जॅकार्ड मागावर पंच कार्डांची माळ फिरून तीच नक्षी पुन्हा पुन्हा का येते, हे सातवीच्या मुलाला इथे न सांगता कळतं. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली, या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीपर्यंत त्याच तासात जाता येतं.

दुसरा, भुईकोट किल्ला. दुहेरी तट आणि खंदक सोपे. गंमत बुरुजात आहे. चौकोनी ठोकळ्यांतून गोल कसा आणायचा? बुरुजाचा केंद्रबिंदू ठरवा, त्रिज्या ६ घ्या. केंद्रापासून पूर्वेला ५ आणि उत्तरेला ३ घर असलेला ठोकळा: २५ + ९ = ३४, म्हणजे ३६ पेक्षा कमी, आत. पूर्वेला ५ आणि उत्तरेला ४: ४१, बाहेर. पायथागोरस फळ्यावर कंटाळवाणा वाटतो, इथे तो चुकला की बुरुजाला पोक निघतं आणि सगळ्या वर्गाला दिसतं. एक सावधगिरी: लुआंटीत उंचीचा अक्ष वाय आहे, झेड उत्तरेकडे जातो. वहीतल्या आलेखाची सवय झालेली मुलं इथे हमखास चुकतात. एफ-५ दाबलं की उभं असलेल्या जागेचे निर्देशक पडद्यावर येतात, तेवढं पहिल्या दिवशी शिकवा.

हे जग काही बाबतींत खोटं बोलतं, ते शिक्षकाला आधी ठाऊक हवं. बुरुजाचा पाया काढला तरी वरचा भाग हवेत तरंगतो. खाली पडतात ते वाळू आणि खडीसारखे मोजकेच ठोकळे. खंदक भरताना साधं पाणी शेजारीशेजारी ओतलं की मधे आपोआप नवं पाणी तयार होतं, टाकी कधी रिकामी होत नाही. पाण्याची पाळी बघत राहणाऱ्या घरांतली मुलं यावर खूष होतील, पण घनफळाचा धडा बुडाला. 'रिव्हर वॉटर' वापरा, ते असं वाढत नाही. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, १००० लिटर, हा हिशेब मग जुळतो.

आता मराठी. खेळातल्या पाटीवर 'किल्ला' लिहिलं तर नेहमीच्या फॉन्टमध्ये चौकोन दिसतात. सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट दिला तर अक्षरं येतात, पण पहिली वेलांटी क च्या मागे पडते आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणाच आत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय: पाटीवर फक्त आकडा टाका आणि त्या आकड्यासमोरचा मराठी मजकूर छापील कागदावर मुलांच्या हातात द्या.

लाइट जाण्याची भीती वाटते तितकी नाही. जग दर पाच-सव्वापाच सेकंदांनी डिस्कवर उतरवलं जातं, होस्टला यूपीएस असेल तर काही बिघडत नाही. पण लोक होस्टला यूपीएस लावतात आणि नेटवर्क स्विच विसरतात. मुलांच्या मशीन चालू राहिल्या तरी स्विच बंद म्हणजे वर्ग बंद. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. तास संपल्यावर आधी जग बंद करायचं, मग वर्ल्ड्समधला त्याचा फोल्डर तारखेच्या नावाने पेन ड्राइव्हवर. चालू जगाची कॉपी घेतली तर ती नेमकी हवी तेव्हा उघडत नाही.