फ्रीझिंग पॉइंट ऑस्मोमीटर: हॉस्पिटलच्या लॅबनं घ्यावा का?

विषारी दारूचा संशय फक्त हातभट्टीपुरता ठेवून चालत नाही. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात थिनर आणि स्पिरिट सहज हाती लागतं, गॅरेजमधल्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. खात्रीची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीच (रक्तातले घटक वेगळे करून ओळखणारी), पण रात्री कॅज्युअल्टीत ती कुठली मिळायला? तोवर ऑस्मोलल गॅपचाच आधार, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांचं मशीननं मोजलेलं प्रमाण (ऑस्मोलॅलिटी) आणि हिशेबानं येणारं प्रमाण यांतला फरक.

ऑस्मोलॅलिटी मोजणारं मशीन, म्हणजे ऑस्मोमीटर, घ्यायचं तर फ्रीझिंग पॉइंटवर (गोठणबिंदूवर) चालणारंच. व्हेपर प्रेशरवाल्यात (बाष्पदाबावर चालणाऱ्यात) मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूतला अल्कोहोल, धड मोजलंच जात नाही, कारण ते स्वतःच उडून जाणारं. रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि उपचार लांबतात. वापरायला मशीन सोपं आहे. थोडासा सीरम पुरतो, आकडा काही मिनिटांत येतो. सॅम्पलमध्ये बुडबुडा राहिला किंवा प्रोब नीट पुसला नाही, की आकडा भरकटतो. म्हणून रोज २९० चा कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावायचाच.

हिशेब असा: सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक ब्लड युरिया भागिले ६. सोडियम १३८, साखर १०८, युरिया ३० असेल तर २८७. मशीननं ३३१ दाखवलं तर गॅप ४४. रक्तात इथेनॉल (नेहमीच्या दारूतला अल्कोहोल) दर डेसिलिटरला ९२ मिग्रॅ असेल तर त्याला ४.६ नं भागून २० वजा करा. उरले २४. साधारण १० च्या पुढचा गॅप संशयास्पद, आणि इथे तर तो दुपटीहून जास्त. सगळं एकाच वेळच्या रक्तावर हवं. संध्याकाळचं सोडियम आणि पहाटेचं ऑस्मोलॅलिटी जोडून काही हाती लागत नाही.

घोळ होतो तो ट्यूबमध्ये. ऑस्मोलॅलिटीसाठी प्लेन किंवा लिथियम हेपरिन. फ्लोराइडच्या करड्या ट्यूबमधले क्षार आकडा भलताच फुगवतात. क्रोमॅटोग्राफीला मात्र तीच करडी ट्यूब, बूच घट्ट लावून. सुई टोचायची जागा स्पिरिटनं पुसू नका, पोव्हिडोन आयोडीन वापरा.

मशीनची खरी मर्यादा वेळेची आहे. मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होत गेलं की ऑस्मोलल गॅप उतरतो आणि ॲनायन गॅप (रक्तात ॲसिड साचल्याची खूण) चढतो. उशिरा आलेल्या, डोळ्यांपुढे धुकं दिसणाऱ्या पेशंटचा ऑस्मोलल गॅप नॉर्मल निघाला तरी विषबाधा नाही असं म्हणता येत नाही. एबीजी (धमनीतल्या रक्तातलं ॲसिड आणि वायू तपासणारी टेस्ट) सोबत हवाच.

डायलिसिसची सोय असलेल्या हॉस्पिटलनं हे मशीन जरूर घ्यावं. छोट्या दवाखान्यानं त्यात पैसे गुंतवण्यापेक्षा संशय येताच पेशंट पुढे पाठवावा, आणि पहिल्या रक्ताची ट्यूब वेळ लिहून सोबत द्यावी.