बीटीसीपे सर्व्हर: आठ महिने वापरल्यावर

मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो, देवनागरी पीडीएफमधून मजकूर नीट बाहेर काढायची, नोकरी करून रात्री जमेल तसं. आपल्याकडचे लोक यूपीआयने शंभर-दोनशे पाठवतात, तिथे काहीच अडचण नाही. पण बाहेरच्या देशातले दोघं-तिघं सारखे विचारायचे की बिटकॉइन घेतोस का, म्हणून हे सगळं सुरू झालं आणि शेवटी बीटीसीपे सर्व्हरवर येऊन थांबलो, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवून बिटकॉइनमध्ये पैसे घ्यायचं सॉफ्टवेअर.

आधी मी रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, सरळ एक बिटकॉइन अ‍ॅड्रेस चिकटवून दिला होता. असं अजिबात करू नका. तो अ‍ॅड्रेस कुणीही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला की कधी किती आले, मी कधी काढले, सगळं उघड्यावर. मग एका कंपनीची सर्व्हिस घेतली, पैसे आधी त्यांच्याकडे जमा होतात आणि नंतर आपल्याला मिळतात तशी. त्यांनी कागदपत्रं मागितली, दिली, परत तीच मागितली, सात आठवडे पैसे अडकले. लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे हो, जीव टांगणीला लागला होता.

बीटीसीपे सर्व्हरला असा मधला माणूसच नाही. निकोलस दोरिए या डेव्हलपरने २०१७ मध्ये हे सुरू केलं, सेगविट२एक्स, म्हणजे बिटकॉइनचे नियम बदलायच्या एका प्रस्तावावरच्या भांडणात, बिटपे या बिटकॉइन पेमेंटच्या कंपनीने घेतलेली बाजू त्याला पटली नाही म्हणून. एमआयटी लायसन्स, म्हणजे कोड कुणीही मोफत वापरावा, त्यांची फी शून्य, सर्व्हर आपला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सर्व्हरवर आपण फक्त एक्सपब, म्हणजे वॉलेटची पब्लिक की टाकतो. त्यातून प्रत्येक देणगीदाराला नवा कोरा अ‍ॅड्रेस मिळतो आणि प्रायव्हेट की, म्हणजे पैसे खर्च करायची किल्ली, आपल्या घरीच राहते, उद्या सर्व्हर हॅक झाला तरी आधी जमलेले पैसे उचलता येत नाहीत.

बसवायला मला एक शनिवार-रविवार लागला. डॉकर, म्हणजे सगळं तयार पॅकेजमध्ये मिळतं, त्यामुळे कमांड थोड्याच, पण बिटकॉइनची पूर्ण चेन, म्हणजे आजवरच्या सगळ्या व्यवहारांची नोंद, ५०० जीबीच्या वर आहे, तेवढा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) परवडणार नाही, म्हणून प्रूनिंग, म्हणजे जुन्या नोंदी पुसत जाणं, चालू करूनच बसवा. ती चेन उतरवून सिंक व्हायला दिवस जातात, तेवढा धीर धरा.

आता खरी गोची ऐका. तिसऱ्या महिन्यात एकाने देणगी दिली, बीटीसीपेमध्ये इनव्हॉइस सेटल्ड, म्हणजे पैसे मिळाले असं, दिसतंय आणि माझ्या इलेक्ट्रम या वॉलेटमध्ये शून्य. हातपाय गार पडले. रात्री दीड वाजेपर्यंत शोधल्यावर कळलं की याला गॅप लिमिट म्हणतात. लोक देणगीची लिंक उघडतात, बघतात, बंद करतात, बॉटही उघडतात, आणि दर वेळी एक नवा अ‍ॅड्रेस खर्ची पडतो. वॉलेट मात्र ओळीने २० अ‍ॅड्रेस रिकामे दिसले की पुढे बघायचंच थांबतं. इलेक्ट्रमच्या कन्सोलमध्ये ते २० चं २०० केलं आणि पैसे समोर आले. कुठेही गेले नव्हते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, पण सेटअप करतानाच स्क्रीनवर ठळक सांगायला हवं, नवीन माणूस घाबरून जातो. एक स्टार मी याचाच कापतोय.

छोट्या रकमांसाठी लाइटनिंग, म्हणजे मुख्य चेनच्या बाहेरून कमी फीत बिटकॉइन पाठवायची सोय, हवंच. चेनवर गर्दी झाली की दोनशे रुपयांच्या देणगीला फीच जास्त पडते, एप्रिल २०२४ च्या हाविंगच्या, म्हणजे नव्या बिटकॉइनचं प्रमाण निम्मं झालं त्या, दिवशी तर फी आभाळाला भिडली होती. पण लाइटनिंग नोड चालू केला की लगेच पैसे येतील असं नाही, दोन नोडमधल्या चॅनेलमध्ये समोरच्या बाजूने आपल्याकडे पैसे यायला जागा असावी लागते, ती मिळवायला मला दोन आठवडे आणि थोडे पैसे गेले.

आणि टॅक्स. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आहे, एकातला तोटा दुसऱ्यात वळता करता येत नाही, आणि देणगी हातात आली तेव्हाच ती उत्पन्नात धरायची का हा वेगळा प्रश्न आहे, तो आपापल्या सीएला आधीच विचारा. बीटीसीपेमधल्या आपल्या स्टोअरचं (खात्याचं) चलन मात्र पहिल्याच दिवशी रुपया करून ठेवा. मग प्रत्येक इनव्हॉइसवर त्या वेळची रुपयातली रक्कम आपोआप लागते. मार्चमध्ये मी सगळी यादी सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडते तशा फाइलमध्ये, काढून सीएला मेल केली, त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही यूपीआयबद्दल.

पाचपैकी चार स्टार.