वन्यजीवांवर लिहायचंय? वाघापासून सुरुवात करू की कुंभारमाशीपासून

नवीन लिहिणारे बहुतेक जण आधी जंगलच गाठतात. वाघ, हत्ती, बिबट्या. वाचक लगेच मिळतो हे खरंय, शीर्षकात वाघ असला की लोक क्लिक करतातच. पण सफारीचा खर्च, गाडीतून मिळणारी दोन-चार मिनिटं, आणि त्यातही वाघ झोपलेला (तो दिवसातला बराच वेळ झोपूनच काढतो), मग लिहायचं काय? तेच ते पिवळे डोळे आणि रुबाबदार चाल, जे संपादकाने शंभरदा वाचलेलं असतं.

आता कुंभारमाशी घ्या. खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाच्या गोळ्या आणून आणून इवलंसं मडकं बनवते, आत अंडं घालते आणि डंख मारून बधिर केलेल्या अळ्या भरून तोंड लिंपून टाकते, अळ्या मारत नाही बरं का, पिल्लाला खाणं ताजं मिळावं म्हणून. हे सगळं खुर्चीत बसून, रोज, फुकटात बघता येतं आणि वहीत तारीख-वेळेसकट उतरवता येतं. डार्विनसारख्या माणसानेही शेवटचं पुस्तक, १८८१ सालचं, गांडुळांवर लिहिलं!

तोटा एकच, माशीवरचा लेख विकायला जास्त मेहनत लागते, पहिलं वाक्यच जबरदस्त पाहिजे. पैसे दोन्हीकडे सुरुवातीला बेताचेच, त्यामुळे नोकरी लगेच सोडू नका. मी तरी माशीच निवडेन, असे चार-पाच लेख छापून आले की मग वाघाच्या मागे जा, तोवर नजर तयार झालेली असते.