संग्रहालयाची भेट सगळ्यांनी मिळून आखायची, तर ट्वाइन कितपत कामाचं?

ट्वाइन हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन. ख्रिस क्लिमस यांनी ते 2009 साली आणलं, फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्यासाठी. पण अभिरक्षक, गाइड, शिक्षण विभाग आणि तंत्रज्ञ एका टेबलाशी बसून दालनातली वाट ठरवत असतील, तर पहिल्या कच्च्या आराखड्याला ते फार छान लागू पडतं. कोडिंग न येणारा माणूसही तासाभरात लिहू लागतो.

प्रत्येक वस्तूला एक पॅसेज, म्हणजे मजकुराचा एक तुकडा. मजकुरात दुहेरी चौकटी कंसात पुढच्या वस्तूचं नाव लिहिलं की दुवा जोडला जातो आणि नवा पॅसेज नकाशावर आपोआप दिसतो. पॅसेजवर लावलेल्या टॅगना (खुणेच्या शब्दांना) रंग देता येतात, म्हणून पक्का मजकूर हिरवा आणि तपासायचा लाल ठेवावा. हा नकाशा प्रोजेक्टरवर लावला की चर्चा मोघम राहत नाही. नाण्यांच्या पेटीवरून शिलालेखाकडे नेणारा बाण पाहून गाइड लगेच सांगतो, मधे चार पायऱ्या आहेत, व्हीलचेअर इथे अडेल. एरवी ही गोष्ट ॲप तयार झाल्यावर कळते.

स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट कशी दिसेल आणि चालेल ते ठरवणारा साचा, सुरुवातीलाच ठरवा. साध्या फाट्यांना हार्लो पुरतो, आवाज घालायचा असेल तर शुगरक्यूब बरा. दोघांची आज्ञांची पद्धत वेगळी असल्याने मधेच बदल केला तर अटी आणि चल (बदलत्या किमती साठवणारी नावं) पुन्हा लिहावे लागतात. पेपरथिन या प्रूफिंग (मजकूर तपासण्याच्या) फॉरमॅटमुळे सगळा मजकूर एकत्र छापता येतो. ज्येष्ठ अभ्यासकांकडून पेनाने दुरुस्त्या करून घ्यायला याहून सोयीचं काही नाही.

खरी अडचण आहे ती मिळून लिहिण्यातच. एका फाइलवर दोघांना एकाच वेळी काम करता येत नाही आणि दोन प्रती जुळवणं जिकिरीचं. फाइल एकाच्याच ताब्यात असावी, बाकीच्यांनी सामायिक दस्तऐवजात लिहावं. तंत्रज्ञ हाताशी असेल तर ट्वी फाइली (गोष्ट साध्या मजकुरात), ट्वीगो (त्यातून गोष्टीची फाइल बनवणारं साधन) आणि गिट (बदलांची नोंद ठेवून प्रती जुळवणारं साधन) वापरा. वेब आवृत्ती काम त्या ब्राउझरमध्येच साठवते, ब्राउझरचा डेटा पुसला की सगळं जातं. सफारीत तर सात दिवस साइट वापरली नाही तरी हा साठा पुसला जाऊ शकतो. डेस्कटॉप आवृत्ती घ्या, नाहीतर रोज अर्काइव्ह (सगळ्या कामाची एकत्र प्रत) उतरवून ठेवा.

तयार होणारी फाइल एकच एचटीएमएल असते, पण चित्रं सहसा तिच्याबाहेर राहतात. ती फाइल एकटी पाठवली तर चित्रांच्या जागा रिकाम्या दिसतात, चित्रांचा फोल्डर सोबत हवाच. वस्तूशेजारी क्यूआर कोड लावला तरी गोष्ट पहिल्या पॅसेजवरच उघडते. तिथे वस्तूंच्या क्रमांकांची यादी द्यावी किंवा शुगरक्यूबमध्ये थोडी जावास्क्रिप्ट लिहावी.

चाचणी दालनातच घ्या, उभ्याने, फोन हातात धरून. टेबलावर आटोपशीर वाटलेला परिच्छेद तिथे हमखास लांबतो.

किती जण कुठे थांबले याची आकडेवारी ट्वाइन स्वतःहून ठेवत नाही. त्यामुळे कायमच्या मार्गदर्शक ॲपची जागा ते घेणार नाही. ते ॲप बनवणाऱ्यांच्या हाती हा चाचणी झालेला नकाशा आणि प्रूफिंगची प्रत द्यावी.