एनपीएस की यूपीएस? मागे राहणाऱ्या माणसाचा हिशेब

भाची देवगडला टपाल खात्यात रुजू झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा फोन. "मामा, ३० दिवसांत ऑप्शन द्यायचाय. एनपीएस ठेवू की यूपीएस घेऊ?"

या केंद्र सरकारी नोकरांच्या दोन पेन्शन योजना: एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, यूपीएस म्हणजे एकीकृत पेन्शन योजना. पगारातून दोन्हीकडे सारखंच कापलं जातं, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के. फरक पुढे पडतो. एनपीएसमध्ये सरकार १४ टक्के घालतं, पैसा बाजारात गुंततो, निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात आणि निदान ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडे रक्कम देऊन घेतलेली दरमहा पेन्शन. १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या यूपीएसमध्ये २५ वर्षं नोकरी झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. १० वर्षं भरून निवृत्त झालात तर किमान १०,००० रुपये.

मूळ पगार ६०,००० धरू. यूपीएसमध्ये पेन्शन ३०,०००, मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, म्हणजे १८,०००. दोन्हींवर महागाईची वाढ. एनपीएसमध्ये एक कोटी साठले असं समजा. ६० लाख हातात येतात, उरलेल्या ४० लाखांवर ६ टक्क्यांनी महिन्याला २०,०००. ते वीस वर्षांनीही २०,०००च.

मुलांसाठी ठेवायचं असेल तर एनपीएस बरी. मूळ रक्कम परत देणारी अ‍ॅन्युइटी घेतली की दोघांच्या पश्चात पैसा वारसांना मिळतो. यूपीएसची पेन्शन जोडीदारापाशी संपते. पन्नाशीत नोकरी सोडून गावी कलमं बघायची असतील तर नीट विचार करा: स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी यूपीएसची पेन्शन निवृत्तीच्या ठरलेल्या तारखेपासूनच सुरू होते. राजीनामा दिला तर मिळतच नाही.

तरी भाचीला मी यूपीएसच घ्यायला सांगितलं. वडलांच्या मागे आईने १९ वर्षं फॅमिली पेन्शनवर घर चालवलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणायची, पडवीत बसून शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची आणि मला म्हणायची, "वाच." फयान वादळाच्या वर्षी वाडीत माड पडले, एका वर्षी मोहोर करपला, पण ती ओळ चुकली नाही.

आणि यूपीएस घेऊन पुढे मन बदललं, तर निवृत्तीच्या वर्षभर आधीपर्यंत एकदा एनपीएसकडे जाता येतं. एनपीएसमधून यूपीएसकडे वाट नाही.