लॅपटॉपचा हेडफोन जॅक बिघडलाय: दुरुस्ती की ऑडिओ इंटरफेस?

वायर हलली की एका कानातला आवाज जातो, अशा जॅकवर मिक्सिंग (गाण्यातल्या आवाजांचा समतोल साधणं) करूच नये. पॅनिंग, म्हणजे कोणता आवाज डावीकडे आणि कोणता उजवीकडे, चुकीचं ऐकू येतं. जॅक वेगळ्या छोट्या बोर्डवर असेल तर दुरुस्ती सोपी. मदरबोर्डवरच सोल्डर केलेला असेल तर काम नाजूक, आणि ते जमलं तरी आवाजाचा दर्जा पूर्वीइतकाच.

यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) महाग पडतो, पण त्याला लॅपटॉपच्या जॅकची गरजच नसते. विंडोजवर त्याच्या एएसआयओ ड्रायव्हरमुळे (आवाजातला उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) मिडी कीबोर्डची (लॅपटॉपला जोडायच्या पियानोसारख्या कीबोर्डची) पट्टी दाबताच सूर जवळजवळ लगेच उमटतो. कंडेन्सर माइकसाठी लागणारे ४८ व्होल्टही बहुतेक इंटरफेसमध्ये मिळतात. गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी माझ्या मते सरळ हाच घ्यावा. नुसते बीट्स बनवायचे असतील तर हेडफोन जॅक असलेला साधा यूएसबी डोंगलही चालेल. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोतच, त्यांत आवाज उशिरा पोचतो.